उपटील त्याची पऱ्हाटी

प्रिय डिंपल,

सप्रेम जय भीम. तुझ्या वाटणीचं ‘जय गजानन’ही मीच लिहून टाकते, कारण तू उलट काही लिहिशील असं आता दिसत नाही. तुझा फोन आधी वाजायचा आणि मध्येच तुटायचा, आता वाजतही नाही. व्हॉट्सॲपवरचा तुझा फोटोही गेला. म्हणजे तू मला ब्लॉक केलंस, एवढी अक्कल मला आहे. म्हणून हे पत्र. तुझ्या विमान कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसवर रजिस्टर पोस्टानं पाठवतेय. पाकिटावर माझं नाव मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिलंय, म्हणजे तुझ्या साहेब लोकांसमोर तुला सही करून ते घ्यावं लागेल. फाडायचं असेल तर वाचून फाड. नववीत वेगवेगळ्या वर्गांत बसून आपण एकमेकींना चिठ्ठ्या लिहायचो आणि गीताबाई शिपाईण त्या पोस्टमनसारखी पोचवायची, तेव्हा तू माझी एकही चिठ्ठी न वाचता फाडली नव्हतीस.

आधी घरची खबर. मोठेबाबा जिवंत आहेत. उजवा हात कोपराच्या वर कापावा लागला. जखम दोनदा चिघळली, दोनदा मीच साफ केली. बाप गेल्यावर ज्यांनी मला आणि रवीला वाढवलं, त्या माणसाला आता मी घास भरवते आणि ते लहान पोरासारखं तोंड फिरवतात. डाव्या हातानं पाण्याचा गडू धरताना सांडतात आणि मग स्वतःलाच शिव्या देतात. नर्स झाल्यापासून मी पुष्कळ रक्त पाहिलं, मला त्याचं काही वाटत नाही. पण परवा ते झोपेतून उठले आणि नसलेल्या हातानं डोळे चोळायला गेले, तेव्हा मी मोरीत जाऊन रडले. तुझ्या भावाची खबर तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. गोपालच्या डोक्याचं हाड जोडलं, पण डावा डोळा कामातून गेला असं ऐकते. तू अकोल्याला त्याच्या दवाखान्यात दोन दिवस येऊन बसलीस आणि गावाकडे न फिरकता परत गेलीस, तेही ऐकलं. माझा भाऊ रवी बुलडाण्याच्या तुरुंगात आहे. त्याच्यावर खुनाच्या प्रयत्नाचं कलम आहे. आणि मोठेबाबांच्या हाताला कागदावर काय नाव आहे ठाऊक आहे? अपघात. पुंजाजी नावाच्या म्हाताऱ्यानं स्वतःच्या चुकीनं चालू मशीनमध्ये हात घातला, असं तुझ्या वडिलांनी सांगितलं, गोपालनं शुद्धीवर येऊन सांगितलं आणि पोलिसांनी लिहून घेतलं. सारा राग मला याचाच आहे, डिंपल. हात गेला तो गेला. पण तो कुणी नेला हे लिहायलाही कुणी तयार नाही.

मला तुझा राग आला की मी त्या कपाची आठवण काढते. आपण सातवीत होतो. तुमच्या ओसरीत भिंतीच्या कोनाड्यात माझ्यासाठी वेगळा कप होता, कान तुटलेला. मला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण मला वाटायचं पाहुण्यांचा कप वेगळाच असतो. त्यामागचं खरं कारण तुला कळलं तेव्हा तू चहासकट तो कप दारातल्या फरशीवर आपटलास. चहा तुझ्या पायावर उडाला, पाय भाजला, आणि तुझ्या आईनं तुला चिमट्यानं मारलं. तुझे वडील, भगवंतकाका, पेपर वाचत राहिले. दुसऱ्या दिवशी तू लंगडत शाळेत आलीस आणि पोरींना सांगितलंस की मांजर आडवं गेलं. त्या दिवसापासून मी तुझी झाले बघ. मग बारावी झाली, तू इंजिनिअरिंगला पुण्याला गेलीस, मी नर्सिंगला. पण तुझ्या सुट्टीत आपण नांदुऱ्याच्या स्टेशनवर भेटायचो आणि पहिली बातमी एकमेकींनाच सांगायचो. विमान कंपनीत लागलीस ती बातमी आईच्या आधी मला सांगितली होतीस.

आता पऱ्हाटीचं सांगते. तुला ठाऊक आहे, तरी सांगते, कारण तुमच्या घरानं हे विसरल्याचं सोंग घेतलंय. कापूस वेचून झाला की शेतात उरतात त्या पऱ्हाट्या. त्या उपटल्याशिवाय नांगर चालत नाही. आणि उपटायचं काम म्हणजे कंबरेचा काटा ढिला करणारं. लोखंडी चिमट्यात बुड धरायचं, मागे झुकायचं, ओढायचं, की पुढचं. आपल्या भागात त्या कामाची मजुरी कधी नव्हती. उपटील त्याची पऱ्हाटी, एवढाच कायदा. शेतवाल्याला रान मोकळं मिळतं, उपटणाऱ्याला वर्षाचं सरपण. आमच्या वस्तीत प्रत्येक दारासमोर पऱ्हाटीची गंजी असते आणि पोरगी द्यायची तर आधी ती गंजी पाहतात. सिलेंडर आहे ना आमच्याकडे, सरकारनं दिलंय. ते पाहुण्यांच्या चहाला. आंघोळीचं पाणी आणि भाकरी पऱ्हाटीवरच. तुमचं ओढ्याकाठचं वावर माझी माय लग्न होऊन आली तेव्हापासून उपटते. तिला कुणी ‘उपट’ म्हणावं लागत नाही आणि ती कुणाला ‘उपटू का’ विचारत नाही. शेवटची वेचणी झाली की सिंधूताई चिमटा घेऊन वावरात उभी, हे तुझे वडीलच अभिमानानं सांगायचे.

आणि मग दिवाळीत तू आलीस. मी तुझ्यावर तेव्हाही खूश होते आणि आता लिहितानाही तुझं काम मला खोटं वाटत नाही. तू ओसरीत बसून सगळ्यांना समजावलंस. मोठी विमानं बॅटरीवर उडवता येत नाहीत, म्हणून त्यांच्या टाकीत नेहमीच्या तेलात असं तेल मिसळायचं, जे शेतातल्या काडीकचऱ्यापासून बनतं. झाडानं हवेतलं जे ओढून घेतलं तेच परत हवेत जातं, जमिनीतलं नवं काही बाहेर येत नाही, म्हणून हवेवरचा भार कमी. मोबाइलवर तू व्हिडिओ दाखवलास, त्यात पांढरं विमान आणि खाली हिरवंगार रान. मोठेबाबा उंबऱ्याशी बसून पाहत होते. त्यांनी विचारलं, “पोरी, पऱ्हाटीवर विमान उडते म्हनतं. मंग आमची चूल काऊन फुकून फुकून पेटत नाई?” सगळे हसले, तू सगळ्यात जास्त हसलीस. तू जाताना सांगून गेलीस की नांदुऱ्याजवळ एका कारखान्याचा माणूस काडीकचरा विकत घ्यायला बसणार आहे. पऱ्हाटी, तुराटी, सोयाबीनचं कुटार, सगळं. तो शब्द तू ज्या सहजपणे वापरलास तो मला तेव्हाच टोचला होता. कचरा. माझ्या मायची चूल तुझ्या भाषेत कचरा होती. पण मी म्हटलं, शहरात राहून बोलणं बदलतं, जाऊ दे.

गोपालला आयुष्यात पहिल्यांदा काही तरी सापडलं. मी त्याला वाईट म्हणणार नाही, बरं का. पोरगा रिकामा होता, लग्न ठरत नव्हतं, पोरीवाले विचारायचे की मुलगा काय करतो आणि भगवंतकाका शेती म्हटलं की उठून जायचे. आता तो सांगू लागला की आपण विमानाच्या तेलात आहोत. जिल्हाभर फिरून त्यानं त्या कारखान्यासाठी पऱ्हाटी बोलून ठेवली. ट्रॅक्टरला जोडायची कुट्टी मशीन आणली. तुला ठाऊक आहे ती, एका तोंडातून पेंढी घालायची आणि दुसरीकडून भुसा उडतो. बसस्टँडवर पोरं त्याला ‘पायलट’ म्हणायची आणि तो खूश व्हायचा. रवी त्याचा शाळेपासूनचा मित्र. मशीन आली त्या दिवशी पेढे वाटायला रवीच पुढे होता.

आता चूक कुठे झाली ते ऐक. माघातली पौर्णिमा झाली आणि माय नेहमीसारखी चिमटा घेऊन तुमच्या वावरात गेली. सोबत रवी, मोठेबाबा, आणि सुट्टीच्या दिवशी मी. कुणाला विचारलं नाही, कारण कधी विचारलंच नव्हतं. तुझे वडील बांधाच्या धुऱ्यावरून जायचे, उभे राहून पाहायचे, “करा, करा, चांगलं रान निंगलं” म्हणायचे. त्यांच्या मनात काय होतं? की यंदा पऱ्हाटी विकायची, या लोकांना उपटायची मजुरी देऊन टाकू. आमच्या मनात काय होतं? की दरवर्षीचं आहे. दोन्हीकडची माणसं आपापल्या मनातला करार पक्का धरून एकमेकांकडे बघून हसत होती. एकानं तोंड उघडलं असतं तर एका हाताचा, एका डोळ्याचा आणि एका तुरुंगाचा हिशेब वाचला असता. पण आपल्याकडे जुन्या माणसाला नव्यानं विचारणं म्हणजे त्याचा अपमान. भगवंतकाकांनाही ते विचारणं जड गेलं असेल, एवढं मी समजू शकते. सगळं वावर आमचं उपटून झालं. पेंढ्या बांधून धुऱ्यावर लावल्या, आणि बैलगाडी मिळेपर्यंत तिथंच ठेवल्या.

तो रविवार होता. सकाळीच ऊन तापलेलं. आम्ही गाडी घेऊन गेलो तर वावरात ट्रॅक्टर उभा, मागे कुट्टी मशीन, पलीकडे ट्रॉली अर्धी भरलेली. आमच्या पेंढ्या. माय आधी हसलीच. तिला वाटलं गोपाल पोचवून द्यायला आला. मग तिला ट्रॉलीतला भुसा दिसला. ती म्हणाली, “गोपाल, बाप्पा, हे काय करून राह्यला? ही आमची पऱ्हाटी हाये.” गोपाल ट्रॅक्टरवरून म्हणाला, “उपटायचे पैसे बाबा देतीन काकू. पऱ्हाटी वावराची हाये.” रवी म्हणाला, “वावर तुह्यं, पऱ्हाटी उपटनाऱ्याची. हे तुह्या बापाले विचार.” गोपाल म्हणाला की बापानंच पाठवलंय. मग दोघांचं जे सुरू झालं ते मी लिहीत नाही. मायबहिणी निघाल्या, जात निघाली. हो, जात निघाली, तुझ्या भावाच्या तोंडून. ज्यानं रवीच्या ताटात जेवण केलंय त्याच्या तोंडून. रवी चढून गेला आणि त्यानं गोपालची कॉलर धरली, गोपालनं त्याच्या छातीवर लाथ मारली, रवी मागे ढेकळांत पडला. माय मध्ये पडली तर तिलाही ढकललं, तिच्या लुगड्याचा काठ पायात आला आणि ती तोंडावर आपटली. तिचा पुढचा दात त्या वावरात आहे अजून.

मशीन तेव्हा बंद होती. हे नीट वाच. ट्रॅक्टरचं इंजिन चालू होतं, पण मशीनला जोड दिलेला नव्हता, पाती फिरत नव्हती. मोठेबाबांना भांडण सहन होत नाही, तू त्यांना ओळखतेस. ते मशीनच्या तोंडाशी गेले, आत अर्धी घातलेली पेंढी दोन्ही हातांनी धरली आणि बाहेर ओढू लागले. पेंढी अडकली होती, म्हणून त्यांनी उजवा हात आत घालून दोरीला विळखा घातला. गोपालनं वळून पाहिलं. मी त्याच्यापासून एका बैलगाडीच्या अंतरावर होते, मी त्याचे डोळे पाहिले. तो ओरडला, “हात काढ बुढ्या, नाई तं जाईन.” मोठेबाबा म्हणाले, “जाऊ दे. पऱ्हाटी सोडत नाई मी.” आणि गोपालनं मशीनला जोड देणारा दांडा ओढला. चुकून नाही, धक्का लागून नाही. पाहून ओढला. त्याला वाटलं असेल म्हातारा घाबरून हात काढेल. असंच वाटलं असेल, मी मानते. पण त्यानं ओढला.

पेंढी गेली आणि तिच्याबरोबर हात गेला. मोठेबाबा ओरडले नाहीत, ते गुडघ्यावर बसले आणि त्यांचा खांदा मशीनकडे खेचला जाऊ लागला. दुसरीकडून भुसा उडत होता तो लाल येऊ लागला. गोपाल दगड झाला होता. दांडा त्याच्याच हातात होता आणि तो परत टाकायचं त्याला सुचत नव्हतं. रवी ढेकळांतून उठला, मायचा चिमटा उचलला, आणि त्यानं गोपालच्या डोक्यात घातला. गोपाल सीटवरून खाली आला. मी चढले आणि चावी फिरवली. तो घाव मी रवीला माफ करते, आणि मी त्याच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. पण गोपाल खाली पडल्यावर रवी थांबला नाही. गोपालनं हात वर केले होते, तो “रव्या, रव्या” म्हणत होता, आणि रवी मारत राहिला. डोळा तेव्हा गेला. चिमटा कसा वाजतो हाडावर, ते मी ऐकलंय. माय त्याच्या पायाला लोंबकळली, तरी थांबेना. शेवटी मी त्याच्या मनगटाला चावले, रक्त येईपर्यंत चावले, तेव्हा त्याच्या हातून चिमटा सुटला. माझ्या भावाच्या रक्ताची चव मला ठाऊक आहे, डिंपल.

ड्रायव्हर मोतीराम ट्रॉलीमागे दोर बांधत होता, तो सगळं संपल्यावर धावत आला. त्यानं पाहिलं नाही हे खरंच आहे. मी ओढणी फाडली, मोठेबाबांचा दंड आवळला, काडी घालून पिळला. उरलेली ओढणी गोपालच्या डोक्याला. बैलगाडी सोडली तर दुसरं वाहन नव्हतं, म्हणून मोतीरामनं मशीन सोडून ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली. त्याच ट्रॉलीत, त्याच भुशावर, मी दोघांना शेजारी निजवलं आणि मध्ये बसले. एका हातानं त्यांचा दंड दाबला, एका हातानं त्याचं डोकं. दवाखान्याकडे जाताना रोहिणखेडच्या रस्त्यावर ट्रॉली उडत होती आणि दोघांचं रक्त माझ्या मांडीवर एकच होत होतं. मोठेबाबा शुद्धीवर होते. ते गोपालकडे पाहत म्हणाले, “पोराचं डोस्कं वर धर, मयुरी. घशात रक्त जाईन त्याच्या.” मी धरलं. तुझा भाऊ त्यामुळे जिवंत आहे, हे मी उपकार म्हणून सांगत नाही, झालं ते सांगते.

नंतरचं तुला कुणी सांगितलं असेल तर अर्धं सांगितलं असेल. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तुमच्याकडची माणसं मोटरसायकलींवर वस्तीत आली आणि आमच्या गंज्यांना काड्या लावून गेली. वाळलेली पऱ्हाटी ती, घासलेटसुद्धा लागलं नाही. अन्नपूर्णाबाईची शेळी गंजीच्या सावलीला बांधलेली होती, तिला दावं तोडता आलं नाही. तिचं ओरडणं सगळ्या वस्तीनं ऐकलं आणि आगीपायी कुणाला जवळ जाता आलं नाही. संध्याकाळी आमच्या पोरांनी तुमच्या दारावर दगड मारले. एक तुझ्या आईच्या भुवईला लागला. गिरणीवाला आमचं दळण घेत नाही, आम्ही मोताळ्याहून पीठ आणतो. माय आता बाभळीच्या ओल्या फांद्या जाळते, घरभर धूर, डोळे सुजलेले. मार्चमध्येच असं ऊन पडतंय की दवाखान्यात चक्कर आलेल्यांची रांग लागते, त्यामुळे हवा तापतेय हे तू मला शिकवायला नको. विमानांचा धूर कमी व्हावा असं मलाही वाटतं. पण तुमच्या हिशेबात माझ्या घरातला वाढलेला धूर कुठल्या खात्यावर धरतात, तेवढं एकदा तुझ्या साहेबांना विचार.

गेल्या आठवड्यात तुझी आई आमच्या घरी आली. दिवसाउजेडी, पायी, एकटी. भुवईवर टाके. माझ्या जन्मात ती पहिल्यांदा आमच्या उंबऱ्याच्या आत आली, खाली बसली आणि पाणी मागून घेऊन प्यायली. मी खोटं सांगत नाही, मला भरून आलं. मग ती बोलली. तिनं मायचे हात धरले आणि म्हणाली, “सिंधूताई, तुह्यं लेकरू आत हाये, मह्यं लेकरू आंधळं झालं. आता बस झालं ना माय.” तिचा तोडगा असा, की मयुरीनं कोर्टात सांगायचं, मशीन चालू होती आणि पुंजाजीचा हात चुकून गेला. मग गोपालही सांगेल की आपण ट्रॅक्टरवरून पडलो, रवीनं मारलंच नाही. दोघं घरी येतील. माय माझ्याकडे पाहत होती. तिला हवंय, डिंपल. मी तिला दोष देत नाही, तिला पोरगा हवाय. वस्तीतली शहाणी माणसं वेगळंच सांगतात. ती म्हणतात, गोपालचं सगळं सांग, आणि रवीनं एकच घाव घातला म्हण, म्हाताऱ्याला वाचवायला. आपला पोरगा सुटेल, त्यांचा अडकेल. मी मोठेबाबांकडे गेले. ते भिंतीकडे तोंड करून निजले होते. म्हणाले, “हात चुकून गेला म्हनशीन तं मी चुकून जगलो म्हन. तुले दिसलं ते सांग.” आणि कूस वळवून म्हणाले, “रव्याचंबी सांग.”

तर मी दोन्ही सांगणार आहे. येत्या सोमवारी बुलडाण्याला न्यायाधीशांसमोर माझा जबाब आहे. गोपालनं पाहून दांडा ओढला हे सांगणार, आणि रवी पडलेल्या माणसाला मारत राहिला हेही सांगणार. माय माझ्याशी बोलणं टाकेल. रवी मला भाऊ म्हणून परत कधी भेटेल की नाही, माहीत नाही. त्याच्या मनगटावर माझे दात उमटलेत, ते तरी राहतील. पण वकील म्हणतात, रवीविरुद्ध माझा शब्द लगेच खरा धरला जाईल, बहीणच सांगते म्हणून. आणि गोपालविरुद्ध खोटा, आरोपीची बहीण म्हणून. मी एकटी खरं बोलले तर माझाच भाऊ आत जाईल आणि मोठेबाबांचा हात अपघातच राहील. तुमच्या घरचं कुणी बोललं तरच तो हात कुणाच्या तरी नावावर लागेल. तुमच्या घरचं तिथं कुणीच नव्हतं, असं सगळं गाव म्हणतं. मी आजपर्यंत कुणाला काही बोलले नाही, मायलाही नाही. चावी फिरवायला मी ट्रॅक्टरवर चढले तेव्हा चाकावरच्या पत्र्याला टेकवून गोपालचा फोन उभा होता, तोंड मशीनकडे करून. नव्या मशीनवर चाललेलं काम तो आपल्या बहिणीला दाखवत होता. इंजिन बंद झालं, वावरात एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत तुझा आवाज येत राहिला. “दादा, म्हटलं होतं ना थांब, म्हटलं होतं ना.” तुझा हात तोंडावर होता. आपण एकमेकींकडे पाहिलं, आणि तू कॉल तोडलास. तो फोन पुढे हरवला म्हणे. पण तू हरवली नाहीस, डिंपल. सोमवारी अकरा वाजता ये. माझ्या बाजूनं बोलायला येऊ नकोस, मला उपकार नकोत. मी माझ्या भावाविरुद्ध उभी राहणार आहे, तू तुझ्या भावाविरुद्ध उभी राहा. न्यायाधीशांनी विचारलं, तिथं आणखी कोण होतं, तर मी तुझं नाव सांगणार आहे. ते तू दुसऱ्या कुणाकडून ऐकायच्या आधी माझ्याकडून ऐकावंस, म्हणून हे लिहिलं.

सोमवारपर्यंत तरी तुझीच,
मयुरी